दिवा लागतोय न्हवं?

आमच्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक बटण आहे. चौकोन, आणि त्यातून वर जाणाऱ्या तीन नागमोडी रेषा. बऱ्याच लोकांना ते कशाचं आहे हे माहीत नसतं. ते मागच्या काचेच्या डीफॉगरचं असतं. थंड देशांत त्याला डीफ्रॉस्टर म्हणतात, कारण तिथे काचेवर बर्फ साचतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळा आहे. बटण दाबलं की त्यात एक छोटा नारिंगी दिवा लागतो. या लेखात जो काही प्रश्न आहे तो त्या दिव्यापासून सुरू होतो.

गेल्या वर्षीचा जुलै. मी पुण्याहून घरी, हातकणंगल्याला आलो होतो. वडगावहून परत येताना पाऊस लागला. गाडीत आम्ही चौघं, सगळ्यांचे कपडे ओले. दहा मिनिटांत मागची काच पांढरी झाली. यामागचं कारण साधं आहे. श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ गाडीभर होते, बाहेरच्या पावसाने काच गार पडते आणि वाफ तिच्यावर थेंब होऊन बसते. पुढच्या काचेवर एसीची कोरडी हवा मारता येते. मागे हवेची जाळी नसते, म्हणून तिथे काचच गरम करावी लागते. मी बटण दाबलं. दिवा लागला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, काच तशीच. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर मला हॉर्न ऐकूनच कळला.

"बाबा, हे चालत नाही."

"चालतंय की. दिवा लागतोय न्हवं?"

गाडी २००९ सालची. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी करून घेतलेली. बाबांच्या लेखी सोळा वर्षं ते बटण चालू होतं, कारण सोळा वर्षं दिवा लागत होता.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे हा दिवा माझ्या ओळखीचा आहे. तो बटणाशी जोडलेला असतो, काचेशी नाही. "हुकूम दिला" एवढंच तो सांगतो, "काम झालं" हे त्याला कळायला मार्गच नसतो. आमच्याकडे याच दिव्याला "डन" म्हणतात.

*

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मल्टिमीटर घेऊन बसलो.

मागच्या काचेवर ज्या बारीक तपकिरी रेषा दिसतात, त्या काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात. चांदीची पूड असलेली पेस्ट छापून ती काचेबरोबर भट्टीत भाजतात. दोन्ही कडांना एकेक उभी पट्टी, मधे आडव्या रेषा. आमच्या काचेवर अशा अकरा आहेत. एका पट्टीला बॅटरीचे बारा व्होल्ट येतात, दुसरी पट्टी गाडीच्या पत्र्याला जोडलेली, म्हणजे अर्थ. वीज रेषांमधून वाहते, रेषा तापतात, काच सुकते.

फ्यूज बघितला, ठीक. बटण दाबल्यावर रिलेचा 'टक' आवाज येत होता. मीटरच्या टोकाला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलं, नाहीतर टोकानेच रेषा खरवडली जाते. डाव्या पट्टीवर बारा व्होल्ट. उजव्या पट्टीवर बारा व्होल्ट. मधे कुठेही टेकवा, बारा.

बाबा खांद्यावरून बघत होते. "बघ, सगळीकडं बारा. एकदम ओके."

हेच तर बिघडलेलं होतं. उसाला पाणी देणाऱ्या माणसाला हे लगेच समजतं. पाटाचं शेवटचं तोंड बंद असलं की पाट काठोकाठ भरलेला दिसतो, सगळीकडे सारख्या उंचीवर. पण पाणी वाहत नसतं आणि शेवटचा वाफा कोरडा असतो. चालू डीफॉगरमध्ये एका कडेला बारा, दुसऱ्या कडेला शून्य आणि बरोबर मधे सहा व्होल्ट दिसायला हवेत. वीज काम करत असेल तर वाटेत खर्च व्हायलाच हवी. सगळीकडे सारखंच उत्तम आहे याचा अर्थ काहीच होत नाहीये.

दोष अर्थमध्ये होता. मागच्या दाराच्या पत्र्यावरचा बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरने घासला, घट्ट केला. उजव्या पट्टीवर शून्य आलं, मधे सहा. काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि बघत बसलो. वरून पट्टे सुकत आले. खालूनही आले. मधला एक पट्टा तसाच राहिला.

मधल्या तीन रेषांवर मीटर फिरवला. बारा, बारा, बारा आणि अचानक शून्य. तिथे रेषाच नव्हती. जवळजवळ वीतभर चांदी निघून गेलेली. या रेषा दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या एकीमागे एक नसतात, समांतर असतात. म्हणून तीन तुटल्या तरी आठ चालतात.

चांदी कुठे गेली हे बाबांना आठवलं. आम्ही काचांना काळी फिल्म लावली होती. २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि गाडीच्या काचांवर कसलीही फिल्म लावायला बंदी आली. त्या मे महिन्यात गावोगाव लोक फिल्म काढत होते. बाबांनीही अंगणात बसून ब्लेडने काढली. फिल्मच्या डिंकाबरोबर तीन रेषाही आल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. बटणातला दिवा लागतच होता.

छोटी फट असेल तर चांदीच्या रंगाची बाटली मिळते, दोन बाजूंना टेप लावून रेष जोडता येते. वीतभर अंतर तसं जुळत नाही. काच बदलायला हवी. आणि गेलेला पट्टा नेमका तोच, जिथे आरशातून नजर जाते.

हे सगळं मला रविवारी दुपारी एक वाजता कळलं. गाडी विकायची होती.

*

पुढच्या रविवारी हुपरीहून एक गृहस्थ गाडी बघायला आले. चांदीचं काम करतात, पैंजण घडवतात. माझ्या आईचं माहेर हुपरीचं, म्हणून तिथला कुणीही आला की तो मामाच. मामांची मुलगी रत्नागिरीकडे दिलीय. पावसाळ्यात आंबा घाटातून जायचं-यायचं असतं, म्हणून गाडी हवी होती. घाटात जुलै-ऑगस्टमध्ये काय धुकं असतं हे तिकडून एकदा गेलेल्याला सांगायला नको.

त्यांनी टायर बघितले, बॉनेट उघडलं, एक चक्कर मारली. मग पुढच्या सीटवर बसून एकेक बटण दाबायला लागले. वायपर, हॉर्न, हेडलाइट. त्या बटणावर आले, दाबलं, दिवा लागला.

"हे बी हाय की," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

मी दाराला टेकून उभा होतो. मी काहीच बोललो नाही. हसलो, बहुतेक.

एक लाख पंधरा हजारांना ठरलं. दहा हजार इसार देऊन ते गेले. बाबा म्हणाले, "जुनी गाडी हाय, जशी हाय तशी दिली. त्यांनी बघून घेतलीय."

मी खोटं बोललो का? त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गाडीने दिवा दाखवला, त्यांनी तो बघितला. या सगळ्यात माझ्या तोंडून एकही खोटा शब्द गेला नाही. रात्रीच्या गाडीने पुण्याला परतताना मी स्वतःला हेच सांगत होतो. खरं सांगायचं तर ज्या गोष्टीत आपलं काही चुकलेलं नसतं, ती माणूस स्वतःला इतक्या वेळा समजावत नाही.

*

हा प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये सिसेरोने अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक गोष्ट येते. रोड्स बेटावर दुष्काळ आहे, धान्याला वाटेल तो भाव मिळतोय. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी जहाजभर धान्य घेऊन पोचतो. मागून धान्याची आणखी जहाजं येतायत हे त्याला माहीत आहे. त्याने ते सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं?

सिसेरो दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभं करतो. डायोजेनीस म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. कायदा सांगायला लावतो तेवढं सांगावं, बाकी घेणाऱ्याला डोळे आहेत. प्रत्येक गोष्ट सांगायची म्हटली तर मग विकायचं कशाला, फुकटच द्यावं. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जाणूनबुजून चुकीच्या समजात राहू देणं हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षा वाईट आहे.

डायोजेनीस मला पटतो, हे आधी कबूल करतो. जुन्या गाडीत काय काय असतं! डाव्या दाराची काच चढताना कुरकुरते. डिकीत आईच्या लोणच्याची बरणी एकदा फुटली होती. याची यादी करून कुणी देत नाही आणि कुणी मागतही नाही. तर मग रेष कुठे मारायची?

सिसेरो जिथे रेष मारतो ती जागा मला उपयोगी पडली. त्याच्या मते गप्प राहणं म्हणजे लपवणं असं सरसकट नाही. पण जी गोष्ट कळणं समोरच्याच्या हिताचं आहे, ती आपल्या फायद्यासाठी त्याला कळू नये अशी तुमची इच्छा असेल, तर ते लपवणं. म्हणजे शब्द मोजायचे नाहीत, इच्छा तपासायची. लोणच्याचा वास मामांना कळला असता तर मला काही वाटलं नसतं. बटण दाबून त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मात्र मला वाटलं होतं की आता पुढच्या बटणावर जावेत.

आपला कायदाही याच दोन टोकांमध्ये उभा आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७. तो म्हणतो, नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नाही. पण पुढे अपवाद सांगतो आणि उदाहरणं देतो. उदाहरणं घोड्याची आहेत, १८७२ साल आहे. लिलावात कुणी खोड असलेला घोडा विकला आणि खोड सांगितली नाही, तर ती फसवणूक नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला की "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन", आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच आहे.

हे तिसरं उदाहरण वाचलं आणि मी मोबाइल खाली ठेवला. मामा यापेक्षा वेगळं काय म्हणाले होते? "हे बी हाय की" म्हणून माझ्याकडे बघणं हा प्रश्नच होता. आपल्याकडे घरच्या माणसाला कुणी खोदून विचारत नाही, नुसतं बघतात. आणि दुसरं उदाहरणही काही फार लांब नव्हतं. आम्ही वकिलाच्या दृष्टीने नातेवाईक नाही, पण मी त्यांना मामा म्हणत होतो. त्या शब्दामुळेच त्यांनी मेकॅनिक आणला नव्हता. नात्याचा विश्वास मी वापरला होता, त्याबरोबर येणारी जबाबदारी तेवढी बाजूला ठेवली होती.

*

एक पळवाट उरली होती, आणि ती मला जास्त छळत होती. समजा मी त्या रविवारी मीटर काढलाच नसता तर? बाबांसारखा मीही दिव्यावर विश्वास ठेवला असता, गाडी विकली असती, आणि दोघंही निर्दोष राहिलो असतो. म्हणजे बिघाड शोधणं हीच माझी चूक झाली का?

डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्तीला टाकावं अशी शंका त्याच्या मनात येते. पण इतक्या सफरी झाल्या, आणखी एक होईल, अशी तो मनाची समजूत घालतो आणि खरोखर विश्वास ठेवू लागतो. जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे खरं, पण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्क नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तेवढाच दोषी राहिला असता.

बाबा जहाजमालक नाहीत. त्यांच्या मनात शंकाच आली नव्हती, आणि ज्याला शंका येत नाही त्याला मी दोष देणार नाही. पण वडगावच्या रस्त्यावर काच पांढरी झालेली चौघांनी बघितली होती. त्यानंतर "दिवा लागतोय" म्हणणं हे माहीत नसणं नव्हतं, माहीत करून न घेणं होतं. या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. आतल्याला फरक कळतो.

कामावर मी हे रोज बघतो. टेस्ट लिहिली तर बग सापडेल, बग सापडला तर तो आपला होईल, म्हणून टेस्टच लिहायची नाही. रिपोर्ट हिरवा राहतो. आपण मुद्दाम काही लपवलेलं नसतं, कारण लपवण्यासारखं काही हाती येऊ नये याची काळजी आधीच घेतलेली असते.

*

शनिवारी सकाळी मी बाबांना सांगितलं की हुपरीला जाऊन सांगून येतो. ते चिडले. "ठरलेला व्यवहार मोडणार तू. मागच्या काचेतनं कोण बघतंय? आरसे हायत की बाजूला." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बेस मॉडेलच्या कितीतरी गाड्यांना डीफॉगर नसतोच आणि त्याही घाट चढतात. पण ज्याला नाही हे माहीत असतं, तो थांबून काच पुसतो. ज्याला आहे असं वाटतं, तो बटण दाबून पुढे जात राहतो. बिघडलेल्या डीफॉगरपेक्षा चालू आहे हा समज जास्त धोक्याचा.

मामांच्या घरी खालच्या खोलीत काम चालू होतं. मी गाडी दारात लावली, त्यांना मागे घेऊन गेलो, काचेवर वाफ सोडली, बटण दाबलं. आठ पट्टे सुकले, मधला पांढरा राहिला. कारण सांगितलं. रेषा चांदीच्या आहेत म्हटल्यावर त्यांनी वाकून अंगठ्याने एक रेष चाचपली. धंद्याची सवय.

मग सरळ उभे राहून म्हणाले, "कधी कळलं तुला हे?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. पैसे किती कमी करायचे, काच कुठे मिळेल, हे सगळं ठरवून आलो होतो.

"तुम्ही यायच्या आधीच्या रविवारी."

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्यात पैंजणाचा टंच गिऱ्हाईक काही दुकानात काढून बघत नाही. आम्ही सांगतो त्यो टंच. सगळेच खरं सांगतात असं नाही. पण जो सांगतो, तो माल देताना सांगतो. आठ दिवसांनी नाही."

गाडी त्यांनी घेतली. पण त्याआधी मेकॅनिक आणला आणि त्याने तासभर गाडी खालून-वरून बघितली. आम्हाला माहीत नसलेल्या दोन गोष्टी निघाल्या. एक लाख पंधराची गाडी एक लाख सहाला गेली. काच त्यांनी त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीची बसवून घेतली. बाबा पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

म्हणजे खरं बोलल्याचं फळ मिळालं, असं या गोष्टीत काही नाही. जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला, ज्या कामासाठी त्याला २००१ साली नोबेल मिळालं. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि वाईट गाडी यांतला फरक कळत नसेल तर तो सगळ्यांनाच कमी भाव देतो, मग चांगल्या गाड्यावाले बाजार सोडतात आणि मागे खराब गाड्या राहतात. लपवणाऱ्याची किंमत न लपवणाराही भरतो. याची दुसरी बाजू अशी की सांगणाऱ्याचा फायदाही त्याच्या एकट्याच्या खिशात येत नाही. तो बाजारात विरून जातो. म्हणून हिशेबाने सांगायला गेलात तर बहुतेक वेळा सांगणार नाही.

मला नऊ हजारांचं फार वाटत नाही. वाटतं ते मेकॅनिकचं. पहिल्या रविवारी मामांनी तो आणला नव्हता, दुसऱ्यांदा आणला. मी खरं सांगितलं आणि त्यामुळेच त्यांचा विश्वास कमी झाला. हा अन्याय नाही. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती एका काचेची माहिती होती. आठ दिवसांनी सांगितली तेव्हा ती माझ्याबद्दलची माहिती झाली.

गणपतीत हुपरीला गेलो होतो तेव्हा गाडी दारात उभी होती. काच नवी, रेषा अकराच्या अकरा. मामांनी चहा दिला, रत्नागिरीच्या नातवाचे फोटो दाखवले. निघताना मी विचारलं, "मामा, मागची काच चालतेय ना आता?"

"दिवा लागतोय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. "वाफ सोडून बी बघितलीय."